खुंटीवरचा पट्टा

१

दिवाण मेला तेव्हा त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता. अर्ध्या हिंगणवाडीनं ते धूड बघितलं, पोरांनी लांबून फोटो काढले, म्हाताऱ्यांनी हळहळ केली आणि लगेच थुंकून टाकलं. पण गळा बघितला तो एकट्या रोहिणीनं. तिथूनच तिच्या डोक्याला भुंगा लागला.

रोहिणी ही गावची पोलीस पाटील. नांदूरघाटच्या पलीकडं, माळाच्या टोकाला असलेल्या या गावात त्या जागेवर बाईमाणूस येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण जागा बायकांसाठी सुटली, रोहिणीनं परीक्षा दिली, नेमणूक झाली आणि गावाला ते गिळावंच लागलं. म्हातारे तिला ‘पाटीलबाई’ म्हणत, थोडं कौतुकानं आणि थोडं खोचकपणानं. ती दोन्ही गोड मानून घेई.

झालं ते असं. बंकट हा मेंढरं राखणारा. गायरानाच्या कडेला त्याचं घर, घरापुढं मेंढवाडा, आणि मेंढवाड्याच्या तोंडाशी साखळीला दिवाण. दिवाण म्हणजे बंकटचा कुत्रा. वासराएवढा आणि नावाप्रमाणे ऐटबाज. कुंपणापलीकडं मोहनरावांचं दुमजली घर. मोहनराव पंचायत समितीचे माजी सदस्य. माजी झाल्यापासून त्यांचा आवाज उलट वाढलाच होता. त्या दिवशी तांबडं फुटायच्या वेळी त्यांची बायको छबुबाई अंगणात सडा टाकत होती. दिवाण कुंपणावरून आला, गुरगुरला नाही, भुंकला नाही, सरळ पोटरीला झोंबला. ती पडली तसा दंडाला धरलं. तिचा पोरगा विजयसिंह कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावला आणि फाटकाशीच त्यानं कुत्र्याचा निकाल लावला.

छबुबाईला केजच्या दवाखान्यात नेलं. रोहिणी गाडीत होतीच. जखमा धुऊन, सुया टोचून झाल्यावर विजयसिंहाच्या हाताला खरचटलं होतं म्हणून त्यालाही टोचलं. मग तिथल्या तरण्या डॉक्टरनं रोहिणीला बाजूला घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या: कुत्र्याचा आवाज बदलला होता का, आणि खालचा जबडा लोंबत होता का. तिला माहीत नव्हतं. कुत्रं एरवी साखळीला असायचं आणि मेलं तेव्हा गळा मोकळा होता, एवढं तिनं सांगितलं.

"मग पट्टा कुणीतरी काढलाय," डॉक्टर म्हणाला. "पिसाळलेल्या कुत्र्याच्या तोंडाशी त्या माणसाचे हात गेलेत. लाळ नुसत्या ओरखड्याला लागली तरी पुरते. त्याला माझ्याकडं आणा. एकदा लक्षणं दिसली की जगात औषध नाही."

गावात परतेपर्यंत मोहनरावांचा निकाल तयार होता. बंकटला गायरानातून उठवा असं ते गेल्या ग्रामसभेत बोलले होते. त्याचा डूख धरून बंकटनं पिसाळलेलं कुत्रं अंगावर सोडलं. छबुबाईची दुसरी सुई तिसऱ्या दिवशी होती. त्याच दिवशी केजला ठाण्यात फिर्याद द्यायची आणि मेंढवाड्यासकट बंकटचं घर उठवायचं, असं त्यांनी चारचौघांत जाहीर करून टाकलं.

रोहिणीच्या हातात तेवढाच वेळ होता. पट्टा काढणाऱ्याचं नाव मोहनरावांना हवं होतं तुरुंगासाठी आणि तिला हवं होतं सुईसाठी. आणि तो माणूस कोण का असेना, मोहनरावांच्या भीतीनं तिच्यापासूनही लपणार, मुकाट्यानं लपणार आणि मुकाट्यानं मरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेंढवाड्यावर गेली. पट्टा तुटला असेल, नाहीतर कुणी सुरीनं कापला असेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय. कवड्या ओवलेला तो कातडी पट्टा मेंढवाड्याच्या खुंटीवर व्यवस्थित टांगलेला होता. बक्कल सोडवलेलं, शेजारी साखळीही गुंडाळून अडकवलेली. सणासाठी काढून ठेवलेल्या दागिन्यासारखी ती दोन्ही तिथं लटकत होती.

"हितं कुनी ठिवला, मामा?"

बंकट म्हणाला, ठाऊक न्हाई. सकाळी बघितला तवा हितंच व्हता.

बंकट साठीचा, बोलायला चिंगूस. बाराही महिने अंगावर लांब बाह्यांची बंडी आणि खांद्यावर घोंगडं. रोहिणीनं डॉक्टरचे प्रश्न त्याला विचारले. या बाबतीत त्यानं खोटं सांगितलं नाही. दिवाणाचा आवाज दोन दिवस बसला होता. भुंकायला जायचा आणि नुसती हवा यायची. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, पाणी पुढं ठेवलं तर पिता येत नव्हतं.

"मग तुमाला काय वाटलं?"

बंकटनं मेंढरांकडं बघितलं. "जनावराला काय हुतंय ते जनावरालाच ठावं."

हे रोहिणीला काही पटलं नाही. मेंढीचा कान कसा पडलाय यावरून तिचा ताप सांगणारा हा माणूस. दोन दिवस स्वतःचं कुत्रं लाळ गाळतंय आणि याला काहीच वाटलं नाही म्हणतो. पण तो पुढं बोलणार नाही हेही तिला कळलं. म्हातारा एकदा गप्प झाला की देवाच्या बापालाही दाद देत नसे.

ती निघणार तेवढ्यात खुंटीच्या खाली लेंड्यांमध्ये काहीतरी चमकलं. पालथी पडलेली वाटी होती. उचलली तर कडेला मुंग्या चिकटलेल्या. रोहिणीनं बोट फिरवून वास घेतला. करडईचं तेल.

कुणाच्या अंगावर कुत्रं सोडणारा माणूस पट्टा फेकून पळून जातो. खुंटीला लावून ठेवत नाही. ज्यानं हा काढला त्याला तो परत घालायचा होता. आणि तेलाची वाटी घेऊन पहाटे कुत्र्यापाशी बसायचं कुणाला काय नडलं होतं, हे मात्र तिला काही केल्या उमगेना.

३

विजयसिंह ओसरीवर बसला होता, हाताला पट्टी, अंगात कडक पांढरा सदरा. येत्या निवडणुकीत बाप त्याला उभा करणार होता, म्हणून तो आतापासूनच सदरा वापरून बघत होता. आईला चावलं याचं त्याला खरंच वाईट वाटलं होतं, पण बोलताना मात्र सभेत बोलल्यासारखा बोलत होता.

त्याचं म्हणणं सरळ होतं. रात्रभर दिवाण भुंकला नाही. परका माणूस जवळ गेला असता तर त्यानं गाव जागं केलं असतं. म्हणजे सोडणारा घरचाच. वाटीचं ऐकल्यावर तर त्यानं मान डोलावली. करणीच ती, दुसरं काय.

रोहिणीनं त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "विजूभाऊ, काकू वरडल्या तवा तुमी वरच्या मजल्यावर झोपलेले व्हते म्हनता. मग कुत्रं मारलं तवा तुमच्या पायात बूट कसे? लेस बांधलेले बूट. मी गाडीत बघितलेत."

विजयसिंहानं पाय आत ओढून घेतले. रोहिणीनं घाई केली नाही.

शेवटी निघालं ते असं. पहाटे बंकट मेंढरं गायरानात सोडतो त्याचा व्हिडिओ काढायला तो कुंपणापाशी गेलता. पंचायतीत दाखवायला पुरावा. हे आता बाहेर पडलं तर लोक म्हणणार की यानंच पट्टा सोडला आणि आव मात्र आणतो साधूचा. म्हणून बापालाही बोलला नव्हता.

"मग तितं काय दिसलं?"

"बॅटरी," तो म्हणाला. "मेंढवाड्याच्या तोंडाशी, जमिनीलगत. हलत नव्हती, एका जागी धरलेली. आन् कुनीतरी दिवानाला लाडीगोडीनं बोलत व्हतं, बारीक आवाजात. लेकराला औषध पाजताना बोलत्यात तसं."

"बाप्या का बाई?"

"कुजबुज व्हती. न्हाई कळलं. मी मागारी फिरलो, अंगनात पाय ठिवला आन् मागून आईची किंकाळी."

४

मेंढवाड्यावर त्या पहाटे असणारी माणसं मोजकीच. बंकटचा लेक सोमेश्वर नांदूरघाट ते केज जीप चालवतो. मेंढरं विकून दुसरी जीप घ्यावी म्हणून बापाशी त्याचं रोज वाजायचं, आणि दिवाण तर त्याला डोळ्यांपुढं नको असायचा. रोहिणीचा पहिला संशय तिथंच गेला. पण आदल्या रात्री तो वडवणीला वऱ्हाड घेऊन गेलता आणि परतला तेव्हा कुत्रं मरून पडलं होतं. जीपभर वऱ्हाडी साक्षीला होते. राहिले तिघं: बंकट, त्याची बायको साखराबाई, आणि तान्ह्या लेकराची आई असलेली सून मोहिनी.

रोहिणी मुद्दाम जेवणाच्या वेळेला गेली. चुलीपुढं मोहिनी भाकरी थापत होती. तिच्या एका बोटाला चिंधी गुंडाळलेली. रोहिणीची नजर तिथं गेलेली बघून मोहिनी म्हणाली की तव्याला भाजलं.

साखराबाई बाजूला भिंतीला टेकून बसली होती. हिच्या हातची ज्वारीची भाकरी म्हणजे पापुद्रा असा सुटायचा की नांदूरघाटच्या बाजारातली माणसंसुद्धा नाव काढायची. चुलीपुढची जागा तिनं सुनेला कधी दिली नव्हती, त्यावरून दोघींचं लटकं भांडणही होतं. आज मोहिनीच्या भाकरीच्या कडा फाटत होत्या आणि सासू बघून न बघितल्यासारखं करत होती.

"मावशी, तुमच्या हातची खावी म्हनून आले व्हते मी," रोहिणी म्हणाली.

"सुनंनं बी शिकाया नगं का," साखराबाई म्हणाली आणि हसली. मग उठून तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. डाव्या हातानं. उजवा हात पदराखाली होता. आल्यागेल्याला डाव्या हातानं पाणी देणारी ही बाई नव्हे.

मोहिनीला बोलायची हौस. तिनं सांगितलं की गेल्या रविवारी पाहुणे आलते, मटण केलतं. हाडं सगळी दिवाणाच्या पुढ्यात. त्यानंतरच तो असा करायला लागला, घास गिळायचा पण जायचा नाही, मान लांब करून खाकरल्यासारखा करायचा...

"मोहिने, लेकरू रडतंय. आत जा," साखराबाई म्हणाली.

रोहिणीनं कान देऊन ऐकलं. लेकरू मुळीच रडत नव्हतं.

५

दोन बायका. एकीच्या बोटाला चिंधी, दुसरीचा हात पदराखाली. रोहिणीला अंदाज आला होता, पण अंदाजानं कुणाला जीपमध्ये घालता येत नाही. ती छबुबाईकडं गेली.

छबुबाई खाटेवर पडून होती. दुखत होतं, पण तिला जास्त राग होता तो घरातल्यांच्या आरडाओरड्याचा. ती आणि साखराबाई एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या. एकीच्या घरी दोनशे एकर नसली तरी रग्गड जमीन, दुसरीच्या घरी मेंढरं. पण इतक्या वर्षांत ताक, लोकर आणि चुगल्या कुंपणावरून बिनबोभाट जात-येत होत्या.

केजहून आल्यावर दुपारी काय केलं, असं रोहिणीनं विचारलं. छबुबाई म्हणाली, सात विहिरी केल्या.

कुत्रं चावलं की सात विहिरींत डोकावून यायचं, ही इथली जुनी चाल. डॉक्टरच्या सुया त्या सुयांच्या जागी, विहिरी विहिरींच्या जागी. दोन्ही केलं की बाईमाणसाच्या जिवाला बरं वाटतं. आता गावोगाव बोअर झाल्यात, सात विहिरी जमवायच्या म्हणजे बुजत आलेल्यासुद्धा मोजायची पाळी. तरी सोमेश्वरच्या जीपमध्ये बसून त्यांनी शिवारातल्या सातही गाठल्या. बरोबर साखराबाई होती.

"ती सोता म्हनली, मी येते," छबुबाईनं सांगितलं. "दर विहिरीवर मला धरून न्यायची. माज्या आदी ती वाकायची. म्हनायची, काठ ढासळलाय का बघते."

"सातही ठिकानी?"

"सातही ठिकानी." छबुबाईनं रोहिणीकडं क्षणभर रोखून बघितलं आणि मग भिंतीकडं कूस बदलली. "जरा ह्यो दुसरा पाय चेपतीस का गं? पडले तवापासनं त्यो बी ठणकतोय."

पाय चेपता चेपता रोहिणीला तिची आजी आठवली. चुलतभावाला कुत्रं चावलं तेव्हा त्याच्या मागं विहिरींवर लहानगी रोहिणी हौसेनं गेलती आणि काठावरून वाकलीही होती. आजीनं जी थोबाडीत दिली, तिचा आवाज अजून कानात होता. ज्याला चावलंय त्यानंच डोकवायचं. बाकीच्यांनी पाठ करून उभं राहायचं, नाहीतर दुसऱ्याचं आपल्या अंगावर येतं. ही गोष्ट या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. साखराबाईला तर असणारच.

आणि काठ ढासळलाय का बघायचं म्हणावं, तर गावातल्या पंचायतीच्या विहिरीला गेल्याच उन्हाळ्यात नवाकोरा सिमेंटचा कठडा बांधलाय. त्यातही ती का वाकली?

६

साखराबाई हौदावर होती. रोहिणीनं आडपडदा ठेवला नाही. हात दाखवा म्हणाली. साखराबाईनं मूठ वळली आणि सांगितलं, बाभळीचा काटा लागलाय. रोहिणीनं डॉक्टरचं बोलणं सांगितलं, अगदी शेवटचं वाक्यही. म्हातारीचा चेहरा पांढरा पडला, पण मूठ उघडली नाही.

"मी सात विहिरी केल्यात," ती हळूच म्हणाली. "आन् घरच्या कुत्र्याचा दात लागला तर त्याला कुनी चावा म्हनत न्हाई, पाटीलबाई. आता मी नाव सांगितलं तर माजं घर उठतंय. माज्यापायी छबूला चावलं हे बी उघडं पडतंय. त्यापरीस गप ऱ्हाते."

रोहिणीला तिचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून ती सरळ मोहनरावांच्या ओसरीवर गेली. आधी हे घर उठणार नाही याची सोय करायची, मग हात आपोआप उघडेल, असा तिचा हिशेब.

संध्याकाळी ओसरीवर मोहनराव, विजयसिंह, बंकट, सोमेश्वर असे सगळे जमले. छबुबाईची खाट आतल्या दाराशी ओढली होती. रोहिणीनं पट्टा आणि वाटी मधोमध ठेवली.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. दिवाण भुंकला नाही यावरून सोडणारा घरचा ठरत नाही. भुंकायला त्याला आवाजच उरला नव्हता. वाटीत करणी नव्हती, खायचं तेल होतं. रविवारी त्यानं हाडं खाल्ली, त्यानंतर जबडा लोंबायला लागला, लाळ गळायला लागली, गिळता येईना. कुणीही बघितलं असतं तर एकच म्हणालं असतं, घशात हाड अडकलंय. पिसाळलेलं कुत्रं धावतं, फेस काढतं, एवढंच आपल्याला ठाऊक. ते असंही दिसतं हे डॉक्टरला ठाऊक, म्हणून त्यानं पहिल्यांदा आवाज आणि जबडा विचारला.

"तर कुनीतरी पहाटं बॅटरी घिऊन बसलं," रोहिणी म्हणाली. "गळ्याला फास नगं म्हनून पट्टा सोडला आन् खुंटीला लावला, हाड निघालं की परत घालायचा म्हनून. घशात तेल सोडलं. आन् हात घालून हाड चाचपलं. हाड नव्हतंच. कुत्रं हिसडा मारून सुटलं आन् कुंपनावरून गेलं. तात्या, तुमच्यावर कुनी कुत्रं सोडलं न्हाई. कुनीतरी एका मुक्या जीवाला मोकळं करायला गेलं, आन् ते जनावर तुमच्या दारात आलं."

मोहनरावांनी वाटी उचलून वास घेतला. अशा माणसाला पटलं तरी पटलं म्हणायची सवय नसते. "आसंल," ते म्हणाले. "पन नाव सांग. नाव कळल्याबगर मी फिर्याद थांबवनार न्हाई."

"नाव ठान्यासाठी न्हाई, दवाखान्यासाठी पायजे. उद्या सकाळी काकूंना न्यायला सोमेश्वरची जीप मेंढवाड्यापुढं थांबंल. ज्याचा हात घशात गेला त्यानं येऊन बसावं."

बंकट उठला आणि घोंगडं सावरत निघून गेला.

७

सकाळी जीप थांबली. छबुबाई पुढच्या सीटवर, मागं विजयसिंह, त्याचीही सुई होती. मोहनराव स्वच्छ धोतर, इस्त्रीचा नेहरू शर्ट, खिशात पेन अशा तयारीनं आले. त्यांना दवाखान्यावरून ठाण्यात जायचं होतं. मेंढवाड्यात मेंढरं ओरडत होती. बंकट काठी घेऊन त्यांच्यात उभा होता. घराचं दार बंद.

सोमेश्वरनं दोनदा हॉर्न वाजवला. दार उघडलं नाही. सगळा हिशेब बरोबर येऊनही बाई अशीच आत बसून राहिली तर तिला ओढून नेणार कोण?

तेव्हा छबुबाई जीपमधून उतरली. नवऱ्यानं हात पुढं केला तो तिनं बाजूला सारला आणि लंगडत दारापाशी गेली.

"साखरे," ती म्हणाली. आवाज काही मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला सातही विहिरींत दोन तोंडं दिसली. एक माजं आन् एक तुजं. म्या काय आंधळी हाय? मला वाटलं आज सांगशील, उद्या सांगशील. आता भाईर ये. मला एकटीला सुया खायला लावतीस व्हय?"

दार तसंच बंद राहिलं.

छबुबाई नवऱ्याकडं वळली. "आन् फिर्याद कुनाची देनार तुमी? चावलं मला. माजी काय तक्रार न्हाई. ठान्यात मला इचारलं तर म्या हेच सांगनार."

मोहनरावांनी खिशातलं पेन उगाच सारखं केलं.

कडी वाजली. साखराबाई बाहेर आली. उजवा हात तिनं पदरातून काढून छबुबाईपुढं धरला. तळव्यावर आणि मनगटावर दातांचे काळपट ओरखडे होते. छबुबाईनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मग दोघी म्हाताऱ्या सगळ्यांच्या देखत रडल्या. साखराबाई एवढंच म्हणत होती, छबे, मला वाटलं हाड हाय गं, मला वाटलं हाड हाय.

दोघींना बसवून सोमेश्वरनं जीप चालू केली. रोहिणीनं चावी फिरवून ती बंद केली.

"अजून एक जन ऱ्हायलाय," ती म्हणाली आणि मेंढवाड्याकडं वळली. "मामा, विजूभाऊंनी बॅटरी बघितली, हलत नव्हती. म्हंजी ती कुनीतरी धरली व्हती. तेलाची वाटी धरायची. घशात हात घालायचा. तीन हात झाले. मावशीला दोनच हायत. आन् एवढं मोठं जनावर, त्याचं डोकं कुनी दाबून धरलं?"

साखराबाईनं जीपमधूनच सांगितलं, "या आता. म्या बोलनार नव्हते तुमचं नाव, पन आता या."

बंकटनं बंडीची बाही वर केली. कोपराखाली लांबच लांब ओरखडा सुकत आला होता. त्याला तो लपवायचाही नव्हता फारसा. बायकोनं तोंड उघडलं नाही, म्हणून त्यानंही उघडलं नाही, एवढंच. पण जायचं कसं, हा त्याचा प्रश्न खराच होता. दिवस वर आला, मेंढरं भुकेली. लेक जीप चालवणार, सुनेच्या कडेवर तान्हं. कळप कुणाच्या जिवावर सोडायचा?

"ह्यांच्या," छबुबाई सीटवरून म्हणाली आणि नवऱ्याकडं बोट केलं. "ठान्यातलं काम तर ऱ्हायलं न्हाई आता."

मोहनरावांनी इकडंतिकडं बघितलं. सगळे त्यांच्याकडंच बघत होते. बंकटनं पुढं येऊन काठी त्यांच्या हातात दिली, आपलं घोंगडं त्यांच्या खांद्यावर टाकलं, आणि जीप धुरळा उडवत केजच्या रस्त्याला लागली. मागं मोहिनी माजी सदस्यांना सांगत होती, तात्या, हाकायचं न्हाई, निसतं मागं मागं जायचं.

केजला डॉक्टरनं बंकट आणि साखराबाईला टोचलं, जखमांभोवतीही टोचलं, आणि वेळेत आलात म्हणाला. पुढच्या सुयांच्या तारखा त्यानं रोहिणीलाच सांगितल्या, कारण बाकीच्यांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं. छबुबाई आणि साखराबाई बाकावर शेजारी बसून मोहिनीच्या फाटक्या भाकरीवर बोलत होत्या.

जीप परतली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गायरानाच्या टोकाला मोहनराव काठीवर रेलून उभे होते. धोतराला कुसळं लागलेली, इस्त्री पार मोडलेली, पण कळप जागेवर होता. रोहिणी खाली उतरून त्यांच्याकडं गेली आणि बंकट आणि साखराबाई दोघांनाही सुई टोचून झाल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"पुढची सुई कवा?" त्यांनी विचारलं.

"आजपासनं तिसऱ्या दिवशी."

मोहनरावांनी धोतराचं एक कुसळ काढून टाकलं. मग तिच्याकडं न बघता म्हणाले, "मग बंकटला इचारून ठिव. त्या काळ्या मेंढ्याचं नाव काय हाय? दिसभर हाका मारल्या, ढुंकून बघत न्हाई."